लाडू किती ग्रॅमचा?

दिवाळीच्या फराळातली साखर, तेल आणि कॅलरी कशा आटोक्यात ठेवायच्या, हे पाहू. सुरुवात लाडवापासून. बेसनाच्या लाडवांचं घरोघरी चालणारं एक प्रमाण घेऊ: अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर. एकूण साडेअकराशे ग्रॅम मिश्रण. बेसनाच्या साधारण १९०० कॅलरी, तुपाच्या २२५०, साखरेच्या १६००. सगळ्या मिळून ५७५०, म्हणजे लाडवाच्या प्रत्येक ग्रॅममागे ५ कॅलरी. हाच लाडू ४० ग्रॅमचा वळला तर २९ लाडू होतात आणि एका लाडवात २०० कॅलरी, १४ ग्रॅम साखर आणि जवळजवळ ९ ग्रॅम तूप असतं. २५ ग्रॅमचा वळला तर ४६ लाडू होतात. एका लाडवात १२५ कॅलरी, साखर ९ ग्रॅमच्या आत, तूप साडेपाच ग्रॅमच्या आसपास.

लाडू आपण नगावर मोजतो, वजनावर नाही. पाहुणा ‘एकच लाडू घेतो’ म्हणतो तेव्हा तो एक किती ग्रॅमचा, हे वळणाऱ्या हाताने आधीच ठरवून टाकलेलं असतं. म्हणून वजनकाट्यावर पहिला गोळा २५ ग्रॅमचा करून पाहावा. दोन-तीन गोळ्यांत हाताला अंदाज बसतो.

साखर कमी करावी का? जरूर करावी, पण तिचा हिशेब नीट समजून. वरच्या प्रमाणात ४०० ऐवजी ३०० ग्रॅम साखर घातली तर २५ ग्रॅमच्या लाडवातली साखर सुमारे ७ ग्रॅमवर येते. कॅलरी मात्र जवळपास तेवढ्याच राहतात, उलट किंचित वाढतात. साखर काढली की त्याच वजनाच्या लाडवात तुपाचा वाटा वाढतो, आणि तुपाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी असतात, साखरेच्या एका ग्रॅमला ४. तेव्हा रक्तातल्या साखरेची काळजी असेल तर साखर कमी करण्याचा उपयोग आहे. वजनाची काळजी असेल तर लाडू लहान करणं हाच खरा उपाय.

बेसनाच्या लाडवात साखर कमी करता येते, कारण तो लाडू तुपामुळे वळला जातो. निवल्यावर तूप थिजतं आणि बेसनाचे कण धरून ठेवतं. साखर तिथे फक्त गोडीसाठी असते. खमंगपणा तर पूर्ण भाजणीतून येतो. मंद आचेवर २५ ते ३५ मिनिटं बेसन भाजताना त्यातली प्रथिनं आणि शर्करा यांच्यात प्रक्रिया होऊन तो वास आणि तांबूस रंग तयार होतो. भाजणी घाईत उरकली की लाडू कच्चट लागतो आणि तो कच्चटपणा झाकायला मग साखर वाढवली जाते. मिश्रण गरम असतानाच साखर मिसळली तर लाडू बसतात, तेव्हा कोमट होईपर्यंत थांबावं.

पाकातल्या रव्याच्या लाडवाचं असं नाही. तिथे पाकच रव्याला धरून ठेवतो. साखर कमी केली की पाक कमी पडतो आणि लाडवाचा भुगा होतो. अनारशाचंही तेच: गूळ कमी पडला तर जाळी पडत नाही, जास्त झाला तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे फुटून पसरतो. या दोन पदार्थांत साखर-गुळाशी खेळायला फारशी जागा नाही. ते आहेत तसे करावेत आणि थोडे करावेत. करंजीच्या सारणात मात्र भरपूर जागा आहे. खोबऱ्याच्या बरोबरीने पिठीसाखर घालण्याऐवजी निम्मी घातली, भाजलेले तीळ आणि खसखस थोडी वाढवली, तरी करंजी करंजीच राहते.

साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे लाडू पथ्याचा झाला, हा समज सोडावा. गुळाचाही मोठा भाग साखरच असते. थोडी खनिजं जास्त असतात, चव वेगळी असते, पण रक्तातली साखर तोही वाढवतोच.

आता तळणाकडे वळू, कारण फराळातली सगळ्यात मोठी बचत कढईपाशी होते.

चकली तेलात सोडली की बुडबुड्यांचा फेस येतो. ते बुडबुडे म्हणजे पिठातल्या पाण्याची वाफ. वाफ जोराने बाहेर पडत असते तोवर ती तेलाला आत येऊ देत नाही. म्हणजे चकली तेलात असते तेव्हा ती फारसं तेल पीत नाही. तेल शिरतं ते मुख्यतः बाहेर काढल्यानंतर. चकली निवू लागते, आतली उरलेली वाफ पुन्हा पाणी होते, आतला दाब घसरतो आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल बारीक छिद्रांतून आत ओढलं जातं. म्हणून बाहेर काढल्यावरचं पहिलं अर्धं मिनिट महत्त्वाचं. झारा कढईवरच तिरका धरून १५ ते २० सेकंद निथळू द्यावा, हलकेच झटकावा, मग चकल्या जाळीवर किंवा शोषून घेणाऱ्या कागदावर एका थरात, जमल्यास उभ्या ठेवाव्यात. खोल पातेल्यात ढीग करून ठेवल्या तर खालच्या चकल्या वरच्यांचं तेल पितात, आणि कोंडलेल्या वाफेने नरमही पडतात.

तेलाचं तापमान १६० ते १७० अंश सेल्सियस असावं. तापमापक नसेल तर पिठाची छोटी गोळी टाकून पाहावी. ती बुडून लगेच वर आली आणि भोवती बुडबुडे धरले, पण रंग बदलला नाही, म्हणजे तेल तयार. गोळी तळाशी बसून राहिली तर तेल थंड आहे. अशा तेलात कवच उशिरा धरतं, चकली जास्त वेळ राहते आणि तेलकट होते. गोळी लगेच तांबडी झाली तर तेल फार तापलंय. चकली बाहेरून झालेली दिसते, आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी ती मऊ पडते. एका घाण्यात जास्त चकल्या घातल्या तर तेल एकदम थंडावतं, आणि पहिल्या चुकीचा परिणाम पुन्हा भोगावा लागतो. बुडबुडे जवळजवळ थांबून तेल शांत झालं, की पाणी निघून गेलं आणि चकली झाली, असं समजावं. रंगापेक्षा ही खूण भरवशाची, कारण भाजणीनुसार रंग बदलतो.

मोहनाचंही गणित आहे. एक वाटी भाजणीला एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, कडकडीत तेल पुरतं. मोहन पिठाच्या कणांवर पातळ थर धरतं, त्यामुळे ते एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत आणि चकली खुसखुशीत होते. कमी पडलं तर चकली कडक होते. जास्त झालं तर ती तेलात विरघळू लागते, पृष्ठभागावर भेगा पडतात आणि त्या भेगांतून तेल आत भरतं. खुसखुशीतपणाच्या लोभाने मोहन वाढवणं म्हणजे तेलाला दोन्ही बाजूंनी बोलावणं.

चकलीने किती तेल प्यायलं, हे घरी मोजता येतं. तळण्याआधी कढईत ओतलेल्या तेलाचं वजन लिहून ठेवा. सगळं तळून झाल्यावर थंड तेल गाळून पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक आणि मोहन यांची बेरीज केली की चकल्यांतलं तेल मिळतं (थोडं कढईला आणि झाऱ्याला चिकटतं, ते सोडून द्या). समजा, अर्धा किलो भाजणीला मोहन ५० ग्रॅम लागलं, तळताना १५० ग्रॅम तेल गेलं आणि चकल्या ७०० ग्रॅम भरल्या. भाजणीच्या १८०० कॅलरी, तेलाच्याही १८००. १८ ग्रॅमच्या एका चकलीत मग सुमारे ५ ग्रॅम तेल आणि ९० ते ९५ कॅलरी येतात. पुढच्या वर्षी आच आणि निथळणं सांभाळून हाच आकडा पुन्हा काढावा. सुधारणा झाली की नाही, हे वजनकाटा सांगतो.

बारीक शेव तेलाच्या बाबतीत सगळ्यात खर्चिक, कारण तेवढ्याच पिठाचा तेलाशी लागणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. पातळ पोह्यांचा चिवडा दुसऱ्या टोकाला आहे. पोहे उन्हात वाळवून किंवा मंद आचेवर कुरकुरीत करून घेतले तर अर्धा किलो पोह्यांना १२० मिलिलिटर तेलाची फोडणी पुरते. शेंगदाणे, डाळं, सुकं खोबरं धरून त्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेचारशेच्या पुढे कॅलरी असतात, पण तो हलका असल्यामुळे एका लहान वाटीत २५ ते ३० ग्रॅमच मावतो, म्हणजे १२० ते १४० कॅलरी. त्यात शेंगदाणे आणि डाळं यांची प्रथिनंही आली. तळलेल्या जाड पोह्यांच्या चिवड्याला हा हिशेब लागू नाही. रोज ताटात एकच खारा पदार्थ घ्यायचा असेल तर पातळ पोह्यांचा चिवडा घ्यावा.

तेल कुठलं? शेंगदाणा तेल उत्तम. महागडं परदेशी तेल आणायची गरज नाही. वनस्पती तुपापासून दूर राहावं. अन्नपदार्थांतल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर (तेल कारखान्यात घट्ट करताना बनणाऱ्या अपायकारक मेदावर) भारतात जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. पण वनस्पतीत संपृक्त मेदही बराच असतो, आणि त्याच्याजवळ तुपाची चव नाही. उरलेलं तळणीचं तेल गाळून फोडणीला, भाजीला आठवड्याभरात संपवावं. त्यात नवं तेल ओतून पुन्हा-पुन्हा तळू नये. दरवेळी तापताना तेलाचे रेणू मोडतात, ते घट्ट आणि काळपट होतं, आणि घट्ट तेल पदार्थाला जास्त चिकटतं. करंजी फुटून सारण तेलात जळलं असेल, तर लगेच गाळून घ्यावं.

एवढं केलं तरी फराळ खाण्याची वेळ चुकली की सगळं वाया जातं. नरक चतुर्दशीच्या सकाळी, अभ्यंगस्नानानंतर ताट समोर येतं: ४० ग्रॅमचे दोन लाडू, तीन चकल्या, वाटीभर चिवडा, एक करंजी, साखर घातलेला चहा. या ताटात हजार कॅलरी सहज असतात, दिवसाच्या गरजेच्या निम्म्या. त्यातल्या दोन लाडवांतच साखर २८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांखाली, शक्यतो ५ टक्क्यांखाली असावी. २००० कॅलरींच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. आणि दुपारी पुरी-श्रीखंड आहेच.

फराळाला जेवणाची जागा द्यायला हवी. २५ ग्रॅमचा एक लाडू, दोन चकल्या आणि वाटीभर चिवडा यांच्या साधारण ४४० कॅलरी होतात. सोबत मोड आलेल्या मुगाची उसळ किंवा काकडीची कोशिंबीर आणि पेलाभर ताक घेतलं की तो पोटभर नाश्ता होतो. भाजी, कोशिंबीर आणि प्रथिनं आधी खाऊन गोड शेवटी घेतलं तर रक्तातली साखर सावकाश चढते. त्याच लाडवाचा सकाळी चहासोबत, रिकाम्या पोटी, वेगळा परिणाम होतो. गोव्यात आणि दक्षिण कोकणात या सकाळी पोह्यांचे प्रकार करतात: दुधातले, ताकातले, गूळ-खोबऱ्याचे, नारळाच्या रसातले. त्यातले ताकातले पोहे तळणाशिवायचा सणाचा नाश्ता कसा असतो, हे दाखवतात. ते घाटावरही करायला हरकत नाही.

ताटात सात पदार्थ असले की आपण जास्त खातो, त्याला कारण आहे. आहारसंशोधक बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की एका चवीने मन भरलं तरी दुसऱ्या चवीची इच्छा तशीच राहते. लाडवाने कंटाळलेली जीभ चकलीने ताजी होते आणि चकलीनंतर पुन्हा करंजी हवीशी वाटते. म्हणून सगळे डबे एकदम उघडू नयेत. एका दिवशी एक गोड आणि दोन खारे पदार्थ बाहेर काढावेत, बाकीचे उद्या. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात. दुसऱ्यांदा वाढण्याआधी तेवढ्या गप्पा व्हायला काहीच हरकत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणंही कामाचं, कारण चालणारे स्नायू रक्तातली साखर वापरून टाकतात.

मधुमेह असलेल्यांनी संध्याकाळच्या लाडवासाठी दुपारचं जेवण टाळू नये. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपाशी राहिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. २५ ग्रॅमच्या बेसन लाडवात एकूण १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, एका फुलक्यापेक्षा थोडी कमी. तेव्हा जेवणात एक फुलका कमी करून जेवणाच्या शेवटी तो घ्यावा आणि औषधांचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या मिठाईतही मैदा, खवा, तूप असतंच. रक्तदाब असलेल्यांनी चकली-चिवडा-शेवेतल्या मिठाकडे पाहावं. दिवसाचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, आणि फराळासोबत लोणचं लागत नाही.

अमेरिकेत २००० साली १९५ प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. थँक्सगिव्हिंग ते नववर्ष या सणांच्या काळात त्यांचं वजन सरासरी फक्त ०.३७ किलोने वाढलं होतं, लोकांना वाटत होतं त्याहून खूप कमी. अडचण अशी, की पुढच्या महिन्यांत ते उतरलंही नाही. आपल्याकडेही भाऊबीजेला पाहुणे जातात आणि अर्धे डबे ओट्यावर राहतात. मग येता-जाता मूठभर चिवडा, चहासोबत चकली, असं तुळशीच्या लग्नापर्यंत चालतं. त्या मुठी कोणीच मोजत नाही. भाऊबीजेनंतर उरलेलं वाटून टाकावं. ठेवायचं असेल तर पदार्थ पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावेत. गरम भरले तर वाफेने सादळतात. डबा उजेड आणि शेगडी यांपासून लांब, आतल्या कपाटात ठेवावा. हवा, उजेड आणि उष्णता यांनी तेलातला मेद बिघडतो आणि त्याला खवट वास येतो. पुन्हा भाजून सादळलेला चिवडा कुरकुरीत करता येतो, खवट झालेला मात्र सुधारत नाही. तो टाकून द्यावा.