खांदेरीची बत्ती लांब दिसते ती बल्बमुळे नाही

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपले मराठा किल्ले गेले, त्यात खांदेरीपण आहे, आणि त्या निमित्ताने लोक तिथल्या दीपगृहाबद्दलही विचारायला लागलेत याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त एक समज सारखा कानावर येतो, की वर काहीतरी प्रचंड पॉवरचा बल्ब बसवलाय म्हणून उजेड एवढा लांब जातो. अहो, हे दीपगृह 1867 सालचं! एडिसनचा बल्ब आला 1879 मध्ये. म्हणजे तेव्हा वर जळत होती ती तेलावरची वात. मग वातीचा उजेड भर समुद्रात मैलोन्‌मैल पोचायचा कसा?

आधी जागा बघू. अलिबागजवळच्या थळच्या समोर, मुंबई बंदराच्या तोंडाच्या दक्षिणेला हे बेट. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी इथे तटबंदी सुरू केली तेव्हा मुंबईचे इंग्रज हादरले, जहाजं पाठवून काम थांबवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला जे बेट मोक्याचं, तेच रात्री त्याच जहाजांना धोक्याचं, म्हणून इंग्रजांच्या काळात तिथे बत्ती आली. 1998 पासून बेटाचं सरकारी नाव कान्होजी आंग्रे द्वीप आहे.

आता मूळ मुद्दा. वात पेटवली की उजेड चहूकडे जातो, त्यातला बहुतेक आभाळात नाहीतर खाली जमिनीत वाया, क्षितिजाच्या दिशेने जाणारा अगदी थोडा. सगळा गोळा करून आडवा सोडायचा तर वातीसमोर बहिर्वक्र भिंग हवं आणि वात बरोबर त्याच्या नाभीवर हवी, हे शाळेत शिकलोय आपण. पण माणसाएवढं उंच भिंग बनवलं तर मधे काच इतकी जाड होते की वजन झेपत नाही, आणि तेवढ्या काचेत प्रकाशच शोषला जातो.

इथे फ्रेनेल नावाचा फ्रेंच इंजिनियर येतो. प्रकाश वाकतो तो काचेच्या पृष्ठभागावर, आत शिरताना आणि बाहेर पडताना, मधली काच काहीच करत नाही, तर ती ठेवायची कशाला? (बुफाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने ही कल्पना 1748 मध्येच मांडली होती, पण दीपगृहात उतरवली फ्रेनेलने.) त्याने मधोमध एक छोटं भिंग ठेवलं आणि भोवती कांद्याच्या चकत्यांसारख्या एकात एक काचेच्या कड्या, प्रत्येक कडीचा उतार वेगळा, असा की वातीतून येणारा किरण त्या कडीतून बाहेर पडताना सरळ आडवाच झाला पाहिजे. 1823 मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात हे भिंग लागलं.

पण वातीपासून अगदी वर किंवा अगदी खाली जाणाऱ्या किरणांना एवढं वळवणं नुसत्या अपवर्तनाला जमत नाही. सुरुवातीला तिथे आरसे लावायचे, पण त्या काळच्या आरशात बराच प्रकाश खर्ची पडायचा. मग आले प्रिझम, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. किरण प्रिझममध्ये शिरतो, आतल्या बाजूने काचेच्या दुसऱ्या पृष्ठभागावर आपटतो, आणि तिथला आपाती कोन साधारण 42 अंशांपेक्षा जास्त असला (अपवर्तनांक 1.5 धरून) तर तो बाहेर पडूच शकत नाही, पूर्णच्या पूर्ण परत आत फिरतो आणि तिसऱ्या बाजूने आडवा निघतो. पारा नाही, चांदी नाही, नुसती काच, तरी उत्तम आरशाहून सरस परावर्तन!

याची उलटी बाजूपण आहे. किरण ज्या वाटेने बाहेर जातो त्याच वाटेने आत येऊ शकतो, त्यामुळे दिवसा ऊन आत शिरलं की भिंग ते थेट दिव्यावर गोळा करतं. म्हणून दीपगृहांत दिवसा पडदे ओढून ठेवायची पद्धत.

आणि फिरत्या भिंगाच्या दीपगृहात बत्ती उघडझाप करत नसते बरं का, दिवा सलग चालू असतो. भिंगाची चार तावदानं असली की चार झोत, 20 सेकंदांत एक फेरी, म्हणजे होडीतल्या माणसाला दर 5 सेकंदांनी एक लखलखाट. तावदानांची मांडणी बदलली की लखलखाटांचा ताल बदलतो, आणि तालावरून खलाशी ओळखतो की बत्ती कुठली.

जाता जाता, याच बेटावर ठोकल्यावर भांड्यासारखा वाजणारा दगड आहे, त्याला चमत्कार म्हणून सांगू नका प्लीज. घट्ट, बिनभेगेचा दगड थोड्याच जागी टेकलेला असला की कंपनं मरत नाहीत, म्हणून तो वाजतो. बेटावरच्या वेताळ देवावरची कोळी बांधवांची श्रद्धा वेगळी, तिचा मान आहेच.

शेवटचा अडसर पृथ्वीच्या गोलाईचा, तिथे कितीही वॅटचा दिवा लावा, उपयोग नाही. उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ गुणिले 3.57 केलं की क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. समजा दिवा पाण्यापासून 49 मीटरवर, तर 25 किलोमीटर. होडीत उभ्या माणसाचा डोळा 2 मीटरवर, त्याचे 5, एकूण 30. खाली बसल्यावर डोळा 1 मीटरवर आला तर एकूण साधारण 28.6. म्हणजे उभं राहून दिवा दिसतोय आणि बसल्यावर गायब होतोय, तर बत्ती या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी आहे (हवेत प्रकाश किंचित वाकतो त्यामुळे प्रत्यक्षात थोडी जास्तच). मोबाईलची बॅटरी संपली, जीपीएस बंद पडलं, तरी हे गणित चालतं.