कळीचे लाडू आणि आकाशातले दगड

ठाण्यातील एका परिचितांनी पारसिकच्या डोंगरावरून आणलेला काळा, जड दगड अलीकडेच माझ्यापुढे ठेवला. चुंबक चिकटते, म्हणून तो अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड असावा, असा त्यांचा तर्क होता. परंतु आपल्या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढले जाणारे लोहखनिज असते, त्यामुळे येथे केवळ चुंबकाची साक्ष पुरत नाही. शिवाय दगडाला वायूच्या बुडबुड्यांची भोके होती, जी अशनींत क्वचितच आढळतात.

काळ्या कातळाच्या मुलखात काळा अशनी हुडकणे कठीणच. त्यासाठी वाळवंट किंवा अंटार्क्टिका गाठावे. १९६९ साली यामातो पर्वताजवळच्या निळ्या बर्फावर जपानी पथकाला नऊ अशनी सापडले. ते निरनिराळ्या प्रकारांचे निघाल्याने, ते एकाच वेळी पडलेले नसून सरकत्या हिमाने वाहून आणून एकत्र केले आहेत, हे ध्यानात आले.

हे प्रकार ओळखायचे कसे? पडणाऱ्या अशनींपैकी बहुसंख्य कॉन्ड्राइट असतात. त्यांचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की बुंदीच्या लाडवातल्या कळीसारखे, साधारण मिलिमीटरभराचे गोल कण दिसतात. सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी वितळून थिजलेले हे थेंब म्हणजे कॉन्ड्रूल. पुढे लघुग्रहाच्या पोटात ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी समस्थानिकाच्या ऱ्हासामुळे उष्णता निर्माण झाली आणि जेथे ती अधिक, तेथे स्फटिक पुन्हा वाढून कळीच्या कडा पुसट झाल्या. कळी सुटी दिसली तर प्रकार ३, जवळजवळ एकजीव झाली तर ६. याला जोड रसायनाची: लोखंडाचा किती वाटा धातूरूपात उरला आणि किती ऑक्सिजनशी संयोग पावून ऑलिव्हिनसारख्या खनिजांत गेला, यावरून एच, एल आणि एलएल हे गट ठरतात, एचमध्ये धातू सर्वाधिक, तर ऑलिव्हिनमधील लोह सर्वांत कमी. जानेवारी १९७६ मध्ये गुजरातेत धजाला येथे पडलेला अशनी एच ३.८ ठरला, म्हणजे धातू भरपूर आणि कळी बऱ्यापैकी शाबूत.

शनीच्या पीडेवर उतारा म्हणून ‘उल्केची अंगठी’ विकणाऱ्याकडे असा काप आणि त्याचे विश्लेषण अवश्य मागावे.

परिचितांचा दगड बेसाल्टच निघाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. भिंगातून त्याच्या भोकांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक दिसले, तेव्हा ‘ही बुरशी नव्हे तर!’ एवढेच ते म्हणाले.