आटे जुळत नाहीत

सातपूरच्या कुठल्याही वर्कशॉपमधला फिटर सांगेल, अर्धा इंची बोल्टवर बारा मिलिमीटरचा नट चढत नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, शिवाय आट्यांमधलं अंतरही वेगळं. ते दोन फेऱ्यांतच हाताला कळतं. सॉफ्टवेअरचे आटे मात्र असे हाताला लागत नाहीत. नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या मुलांना म्हणून सन आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांमधला जावावरचा जुना खटला माहीत असायला हवा.

सन मायक्रोसिस्टीम्सने १९९५ मध्ये जावा आणली. वचन होतं: एकदा लिहा, कुठेही चालवा. जावाचा प्रोग्राम आधी एका आभासी यंत्राच्या भाषेत उतरतो, आणि ते आभासी यंत्र प्रत्येक प्रकारच्या संगणकासाठी वेगळं बनवलेलं असतं. म्हणजे ही सगळी यंत्रं एकसारखी वागली, तरच वचन खरं.

मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये जावाचा परवाना घेतला. ऑक्टोबर १९९७ मध्ये सन कोर्टात गेली. जावाला सी भाषेतल्या कोडशी जोडणारी ठरलेली पद्धत, जेएनआय, मायक्रोसॉफ्टने गाळून स्वतःची दिली होती. पुढे त्यांच्या जावा साधनात ‘डेलिगेट’ आणि ‘मल्टिकास्ट’ हे नवे शब्दही आले. दुसऱ्या कंपनीच्या कंपायलरला, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला, हे शब्द ठाऊकच नाहीत. तो तिथेच थांबणार.

मला गाळण्यापेक्षा ही भर जास्त घातक वाटते. गाळलेलं लगेच खटकतं. भर सोयीची असते, हात त्यावर बसतो, आणि वर्षभराने कळतं की आपला प्रोग्राम विंडोज सोडून कुठेच जाऊ शकत नाही. सोय वाईट नव्हती. ती जावाच्या नावाखाली मिळत होती, हे वाईट.

नोव्हेंबर १९९८ मध्ये कोर्टाने मायक्रोसॉफ्टला सनच्या कसोट्यांत बसणारी जावा देण्याचा अंतरिम आदेश दिला. जानेवारी २००१ मध्ये दोन कोटी डॉलरवर तडजोड झाली.

पण सनचीही एक गोष्ट मला पटत नाही. आटे तपासायचं गेज एकाच कारखानदाराच्या खिशात असून कसं चालेल? जावाचं प्रमाणीकरण सनने एक्मा या मानक संस्थेकडे नेलं आणि १९९९ च्या अखेरीस मागे घेतलं. जावास्क्रिप्ट, जी नाव सारखं असूनही वेगळीच भाषा आहे, ती १९९७ मध्येच एक्माचं मानक झाली होती.

मायक्रोसॉफ्टने मग सी शार्प ही स्वतःची भाषा काढली. डेलिगेट तिच्यात आहे, आणि डिसेंबर २००१ मध्ये तीही एक्माचं मानक झाली.