भिंतीवर वाळणारं तेल, कोपऱ्यात पेटणारं फडकं

सागवानी पॅनेलिंगला तेलाचा हात मारून झाला की पॉलिशवाला सांगतो, "आता वाळू द्या." आपण समजतो की काहीतरी उडून जाणार. स्पिरिट पॉलिशचं खरंच तसं होतं. स्पिरिट उडतं, लाखेचा थर मागे राहतो. त्यावर पुन्हा स्पिरिट सांडलं तर तो विरघळतोही. जवसाचं तेल, ज्यापासून कारागिरांचं बेलतेल बनतं, ते मात्र उडत नाही. वाळताना ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि काही काळ चक्क जड होत जातं.

या तेलातल्या मेदाम्लांपैकी साधारण निम्मं लिनोलेनिक आम्ल असतं. त्याच्या कार्बन साखळीत तीन दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निसटतो आणि तिथे ऑक्सिजन शिरतो. मग शेजारच्या साखळ्या एकमेकींत गुंतून जाळं तयार होतं, ते पुन्हा सुटत नाही. खोबरेलात असे बंध फारच थोडे, म्हणून ते फळीवर महिनोन्महिने चिकटच राहतं. कच्च्या जवसतेलालाही वाळायला बरेच दिवस लागतात. बेलतेलात कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घालून हा वेग वाढवलेला असतो. थर मात्र पातळच हवा. जाड थराला वरून साय धरते, आत तो मऊ राहतो, आणि छताच्या फळ्यांवर तर थेंब लोंबू लागतात. (कपाटामागचं पॅनेल इतरांपेक्षा पिवळं पडतं तेही याच तेलामुळे: अंधारात ते जास्त पिवळतं, उजेडात पुन्हा बरंच उजळतं.)

ऑक्सिडेशनच्या या क्रियेत उष्णता बाहेर पडते. भिंतीवर ती हवेत निघून जाते, हाताला जाणवतही नाही. पण तेल पुसलेली सुती फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर धाग्याधाग्यावर तेलाचा पातळ थर असतो, आत हवा खेळते आणि ऊब अडकते. तापमान वाढलं की क्रिया वेगावते, त्यातून आणखी उष्णता. काही तासांत कापूस धुमसू लागतो. काडी नको, ठिणगी नको.

फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीत नेमकं हेच घडलं. 22 व्या मजल्यावर लाकडी पॅनेलिंगला नवी झळाळी देण्याचं काम चालू होतं आणि जवसतेलाची फडकी तिथेच राहिली होती. 23 फेब्रुवारी 1991, शनिवारची रात्र. मजल्यावर कोणी नव्हतं. आग सुमारे 19 तास जळत राहिली, तीन अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले, आठ मजले खाक झाले. ती थांबली 30 व्या मजल्यावर, कारण तिथे स्प्रिंकलर होते. इमारत पुढे पाडावी लागली.

तेलात टर्पेंटाइन मिसळलं तरी धोका जात नाही. टर्पेंटाइन उडतं, तेल राहतं. सुताराला, पॉलिशवाल्याला निघण्यापूर्वी फडकी दाखवायला सांगा. ती बाहेर, मोकळ्या हवेत, दोरीवर एकेक सुटी पसरायची. पापडासारखी कडक झाली की मग कचऱ्यात. तेवढी जागा नसेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवायची. अर्धवट वाळलेल्या थराला पॉलिश पेपर मारल्यावर पडणारा भुसाही त्याच डब्यात जाऊ द्या, पोत्यात भरून जिन्याखाली नको.