तिसावर जा, एक पाऊल मागे या

फरशीवर खडूने ० ते १० आकड्यांची घरे आखा आणि पाच वर्षांच्या मुलाला सांगा, 'तीनवर उभा राहा आणि चार पुढे जा.' पुष्कळ मुले सहावर थांबतात. त्यांना मोजता येत असते, फक्त ज्या घरात ती उभी आहेत त्यालाच त्यांनी 'एक' म्हटलेले असते. वहीत ३ + ४ = ६ असे उत्तर आले तर चूक कुठे झाली ते कळत नाही. फरशीवर ती पायाखालीच दिसते.

दुरुस्ती सोपी आहे. घरांऐवजी एक सरळ रेघ ओढायची, तिच्यावर दर ३० सेंमीला आडवी खूण करायची आणि आकडा खुणेशी लिहायचा. मुलाने खुणेवर उभे राहायचे आणि पाय पुढच्या खुणेवर टेकल्यावरच 'एक' म्हणायचे, म्हणजे उडी मोजली जाते, जागा नाही. शून्याची खूण हवीच. ० ते १० साठी ३ मीटर आणि ० ते २० साठी ६ मीटर जागा लागते. शाळेचा व्हरांडा किंवा सोसायटीचे पार्किंग पुरते. पुण्यातल्या नव्या इमारतींत ६० सेंमीच्या टाइल्स असतात आणि त्यांचे सांधेच खुणा म्हणून वापरण्याचा मोह होतो. पण लहान मुलाला तेवढ्या अंतरासाठी दरवेळी मोठी उडी घ्यावी लागते आणि सगळे लक्ष तोल सांभाळण्यात जाते. टाइलच्या मध्यावर आणखी एक खूण करावी. वजाबाकी करताना तोंड मोठ्या आकड्याकडेच ठेवून उलट्या पावलांनी मागे यायचे. मुलाला वळू दिले, तर 'पुढे चालणे' कधी बेरीज होते, कधी वजाबाकी, आणि गोंधळ उडतो.

यामागे संशोधन आहे. जर्मनीत २०११ साली बालवाडीच्या मुलांनी डिजिटल चटईवर डावी-उजवीकडे पाऊल टाकून संख्यांची तुलना केली, तेव्हा बसून तसाच सराव करण्यापेक्षा त्यांना संख्यारेषेवरचे अंदाज अधिक चांगले जमू लागले. संख्या वाढते तसे अंतर वाढते, ही कल्पना पावलांतच होती. अमेरिकेत सीगलर आणि लास्की यांनी २०१४ मध्ये १०० घरांच्या पटाचा खेळ तपासला. सोंगटी सरकवताना पटावरचे आकडे म्हणणारी मुले पुढे गेली. दर खेळीला 'एक, दोन, तीन' म्हणणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही. घरात सापशिडी खेळताना हे आजच करता येईल: सोंगटी २७ वर आहे आणि फाशावर ३ पडले, तर 'अठ्ठावीस, एकोणतीस, तीस' म्हणायचे.

म्हणून आमचा आग्रह असा, की हालचालीत ती कल्पनाच असली पाहिजे. जागच्या जागी उड्या मारत पाढे म्हणणे हा व्यायाम आहे. त्याचाही उपयोग होतो. नेदरलँड्समध्ये दोन वर्षे, आठवड्यातून तीन वेळा असे धडे घेतले गेले, तेव्हा गणितात आणि शुद्धलेखनात मुले सुमारे चार महिन्यांनी पुढे गेली. वाचनात मात्र फरक पडला नाही. पण दहा मिनिटांत एखादी संकल्पना समजवायची असेल, तर पाऊल आणि अर्थ यांची जोडी जुळलीच पाहिजे. उजवा हात डाव्या गुडघ्याला लावून मेंदूचे दोन भाग 'जोडणाऱ्या' व्यायामांना भक्कम पुरावा नाही. काही मुले 'हालचालीतूनच शिकणारी' असतात, या वर्गवारीलाही नाही.

मराठी मुलांची खरी अडचण वीसच्या पुढे सुरू होते. 'चौतीस' म्हणताना चार आधी ऐकू येतो, लिहिताना तीन आधी येतो. जर्मनमध्येही क्रम असाच उलटा आहे. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरच्या २००९ च्या अभ्यासात संख्या लिहिण्यातल्या जवळजवळ निम्म्या चुका या उलटापालटीशी संबंधित निघाल्या. पुण्याच्या बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी जोड दिली, त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. नाव कोणतेही ठेवा, दशक आणि एकक वेगळे जाणवायला हवेत. त्यासाठी ३ मीटर लांब-रुंद चौकटीत ३० सेंमीची शंभर घरे आखा, ० ते ९९. शून्यावरून खालच्या रांगेत उडी म्हणजे दहा, उजवीकडे पाऊल म्हणजे एक. चौतीस ऐकले की आधी तीन उड्या, मग चार पावले, आणि त्याच क्रमाने पाटीवर ३ आणि ४.

एकोणतीसला मात्र ही चौकट अडवते. ३० च्या मागचे घर वरच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला असते. म्हणून १९, २९ ते ८९ या आठ संख्या सरळ रेघेवर घ्या: तिसावर जा, एक पाऊल मागे या. नव्याण्णव या रीतीत बसत नाही, ते तसेच सांगावे.

वाचनात टाळ्या किंवा पावलांनी शब्द तोडताना वेगळीच फसगत होते. 'पोपट' बोलताना दोनच टाळ्या पडतात, पो आणि पट. लिहिताना अक्षरे तीन. म्हणून बोलणे आणि लिहिणे जुळणारे शब्द आधी घ्या: आजी, पाणी, बटाटा, जिलेबी. ते पक्के झाल्यावर 'पोपट'सारखे शब्द कार्डावर दाखवून, एका अक्षराला एक पाऊल अशा रीतीने घ्यावेत.

अक्षर गिरवण्यापेक्षा पाहून स्वतः काढणे चांगले. इंडियाना विद्यापीठातल्या २०१२ च्या अभ्यासात पाच वर्षांच्या, अजून वाचू न लागलेल्या मुलांनी जी अक्षरे स्वतः लिहिली होती, ती पाहताना मेंदूतला वाचनाचा भाग अधिक जागा झाला. गिरवलेल्या किंवा टंकलेल्या अक्षरांनी तेवढा नाही. बोटाने अक्षर काढायला ताटात अर्धा सेंटिमीटर रवा पसरा. जास्त झाला तर कडा ढासळून वळणे बुजतात. फरशीवरचे चालायचे अक्षर एक मीटरपेक्षा मोठे नको, नाहीतर आत उभ्या मुलाला पूर्ण आकार दिसतच नाही. घ-ध आणि भ-म एकाच दिवशी घेऊ नयेत. हवेत अक्षर काढताना शिक्षकाने मुलांकडे पाठ करावी, नाहीतर मुलांना ते उलटे दिसते.

तीस मुलांच्या वर्गात एक उडी मारतो आणि बाकीचे कंटाळतात. पाच-सहा रेघा आखा आणि वाट पाहणाऱ्यांना कागदी पट्टीवर बोट सरकवायला द्या. एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरे. पावसाळ्यात ओली शहाबादी फरशी निसरडी होते आणि खडू पुसला जातो, म्हणून वर्गातच रंगीत टेप लावा. मोजे काढायला सांगा. एप्रिलमध्ये गच्ची सकाळी लवकरच वापरा. दोन-तीन आठवड्यांनी मुलाला रेघेबाहेर उभे करून विचारा, 'तू सातवर आहेस, पाच मागे आलास, कुठे पोचशील?' उत्तर बरोबर आले तर त्या मुलासाठी ही रेघ पुसून पुढची आखा. चुकले तर त्याला परत शून्यावर उभे करा.