टॉवरचं जोतं आणि सांगलीची मध्यवस्ती

सांगलीहून मिरजेकडे निघालं की विश्रामबाग, विजयनगरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना नव्या इमारती वर चढताना दिसतात. जिल्हाधिकारी कार्यालय आता विजयनगरला आहे. कचेरी जिथे, तिथे वकील, सीए आणि बँका जाणारच. मागे राहतो तो गावभाग, आणि त्याला लागून असलेल्या गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड या कृष्णेच्या काठच्या बाजारपेठा. तिथेही जुने वाडे उतरवून त्यांच्या जागी उंच काही बांधायच्या गोष्टी आता सुरू असतात.

अशा इमारतीची चर्चा मजल्यांपासून सुरू होते. किती मजली आहे, गच्चीवरून काय दिसतं, फ्लॅटचा दर काय. पण शहराच्या मध्यभागावर टॉवरचा जो परिणाम होतो, त्यातला बहुतेक खालच्या दोन-तीन मजल्यांत आणि जमिनीखालच्या दहा-पंधरा फुटांत ठरतो. सांगलीसारख्या नदीकाठच्या गावात तर तो जवळजवळ सगळाच तिथे ठरतो.

इमारती उंच का होऊ लागल्या, याचं उत्तर दोन यंत्रणांमध्ये आहे. एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लिफ्टचा दोर कापून दाखवला आणि लिफ्ट जागच्या जागी अडकून राहिली. तोवर पाचव्या-सहाव्या मजल्यावर राहणं म्हणजे जिन्याची शिक्षा होती. दुसरी यंत्रणा सांगाड्याची. शिकागोची मोनॅडनॉक ही १६ मजली इमारत १८९१ मध्ये विटांच्या भारवाही भिंतींवर उभी राहिली, तेव्हा तळाशी त्या भिंती जवळजवळ सहा फूट जाड ठेवाव्या लागल्या. सगळ्यात महाग असलेला तळमजला भिंतींनीच खाल्ला. त्याच शहरात १८८५ मध्ये लोखंड आणि पोलादाच्या सांगाड्यावर दहा मजली होम इन्शुरन्स इमारत झाली होती. वजन खांबांनी पेललं, भिंतीचं काम फक्त आडोशाचं उरलं, आणि रस्त्याकडची बाजू दुकानांसाठी मोकळी झाली. इतक्या खटपटीने मोकळा केलेला हा तळमजला आज आपण बहुतेक ठिकाणी गाड्या लावायला देतो, याची मला खंत वाटते.

आता जागेचा हिशेब पाहू. उंच बांधलं की जास्त माणसं मावतात, हे अर्धंच खरं आहे. हजार चौरस मीटरचा प्लॉट आहे आणि चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, दोन आहे, तर बांधकाम दोन हजार चौरस मीटरच होणार. अर्धा प्लॉट व्यापला तर चार मजले, पाचवा हिस्सा व्यापला तर दहा मजले. घरं तेवढीच, माणसंही तेवढीच. त्यात उंची वाढली की बाजूला आणि मागे सोडायची जागा नियमानेच वाढते, म्हणून टॉवर प्लॉटच्या मधोमध उभा राहतो आणि भोवती पार्किंगचं कडं पडतं.

केंब्रिजमध्ये १९६०च्या दशकात लेस्ली मार्टिन आणि लायनेल मार्च या वास्तुरचनेच्या अभ्यासकांनी या प्रश्नाचं गणित मांडलं. त्याचा गाभा सांगलीच्या माणसाला लगेच पटेल असा आहे. शंभर मीटर बाजूचा चौरस घ्या आणि त्याच्या कडेकडेने फक्त १५ मीटर रुंदीची पट्टी आखा. आतला चौरस ७० मीटर बाजूचा उरतो, त्याचं क्षेत्रफळ ४,९०० चौरस मीटर. कडेच्या पट्टीचं ५,१००. म्हणजे बारीक दिसणारी पट्टी निम्म्याहून जास्त जमीन व्यापते. पंधरा मीटर रुंदीत प्रत्येक खोलीला रस्त्याकडे किंवा आतल्या अंगणाकडे खिडकी मिळते, आणि चार-पाच मजल्यांत तेवढंच बांधकाम बसतं ज्यासाठी मधोमध उभ्या टॉवरला कितीतरी जास्त मजले चढावं लागतं. कडेने बांधायचं आणि मध्ये चौक मोकळा ठेवायचा, ही तर आपल्या वाड्याचीच रचना. गावभागातला एकेकटा प्लॉट अरुंद असतो, त्यामुळे हे एका मालकाला जमत नाही. पण शेजारचे पाच-सहा मालक एकत्र आले तर टॉवरशिवायही पेठेत भरपूर घरं बसवता येतात. टॉवरला माझा विरोध नाही. मोठा प्लॉट, रुंद रस्ता आणि पक्की जमीन असेल तिथे तो शोभतो.

टॉवरवरचा दुसरा नेहमीचा आक्षेप सावलीचा. हा आक्षेप मुळात थंड शहरांचा आहे. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली एक्विटेबल ही ३८ मजली इमारत झाली आणि तिची सावली सात एकरांवर पडू लागली. त्या ओरड्यातून १९१६ मध्ये इमारती वर जाताना पायरीपायरीने मागे सरकवायचा नियम आला. सांगली १७ अंश अक्षांशाच्या किंचित खाली आहे. इथे २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंश वर असतो, त्यामुळे ४० मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला ३४ मीटर पडते. लंडनला त्याच दिवशी सूर्य १५ अंशांवरच असतो आणि तेवढ्याच इमारतीची सावली दीडशे मीटर लांब जाते.

आपल्याकडे खरी गरज सावलीची, तीही एप्रिल-मेमध्ये. आणि नेमकी तेव्हाच टॉवरची सावली हात आखडते. एप्रिलच्या मध्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, ४० मीटरच्या इमारतीची सावली जेमतेम पाच मीटर. मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस तर शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी चार वाजता मात्र हीच सावली पूर्वेकडे पन्नासेक मीटर जाते. म्हणून दक्षिणोत्तर रस्त्याच्या पश्चिमेला उंच इमारत असेल, तर संध्याकाळच्या बाजाराला तिचा उपयोग होतो. बारा ते दोनच्या उन्हाला टॉवर काही करू शकत नाही. ते काम दुकानावर पुढे आलेल्या सज्जाचं, ओटीच्या पडवीचं आणि झाडाचं.

रात्रीचं गणित वेगळं. दिवसभर तापलेलं काँक्रीट आणि डांबर रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडतं. रस्त्यावर उभं राहून आकाशाचा जेवढा तुकडा दिसतो, तेवढीच उष्णतेला बाहेर पडायची वाट. अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती आल्या की ही वाट चिंचोळी होते आणि उष्णता भिंतीभिंतींमध्येच खेळत राहते. त्यात एसीचे बाहेरचे डबे गल्लीत गरम हवा सोडतात. म्हणून पेठेतल्या नऊ मीटरच्या रस्त्यावर जे चालणार नाही, ते विश्रामबागेतल्या रुंद रस्त्यावर चालून जातं.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. उंचीबरोबर वाऱ्याचा वेग वाढतो आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. मोकळ्या जागेत दहा मीटरवर ताशी २० किलोमीटरचा वारा ४० मीटरवर साधारण २५चा होतो, आणि दाब दीडपट. सपाट टॉवर पश्चिमेच्या पावसाळी वाऱ्यासमोर उभा राहिला की वरचा जोरदार वारा भिंतीवर आपटून खाली उतरतो आणि कोपऱ्यांवरून फुटपाथवर घुसतो. आजूबाजूला बैठी घरं असली तर हे जास्त जाणवतं. उपायही खालचाच: दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याशी इमारत मागे सरकवणं, म्हणजे उतरणारा वारा त्या गच्चीवर अडतो, रस्त्यापर्यंत येत नाही.

आता पाणी. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ फुटांत मोजतात: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. म्हणजे धोक्याच्या पातळीवर आणखी बारा फूट, एका मजल्याहून जास्त. २००५ आणि २०२१ मध्येही पेठांत पाणी होतं. साधारण २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते. पण इतक्या वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा येऊन गेला की तेवढी वर्षं निवांत असा नाही. लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी एक टक्का असते, आणि इमारत तर पन्नास-साठ वर्षं उभी राहणार असते.

जमिनीखाली साठवण करण्याचा अनुभव या गावाला जुना आहे. शेजारच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीत खोदलेल्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं सुखरूप राहायची. २००५च्या पुराने पेवांत पाणी शिरलं आणि ती सगळी व्यवस्थाच मोडली. आजच्या इमारतीचं तळघर त्याच जमिनीत खोदलं जातं, आणि त्यात गाड्यांबरोबर पाण्याचा पंप, कधी जनरेटर, कधी वीज मीटरची खोलीही असते.

तळघराला पाणी आत शिरण्यापलीकडचा आणखी एक धोका असतो, तो खालून येणाऱ्या रेट्याचा. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. पुराने भूजल वर चढलं आणि तळघराची फरशी पाण्याच्या पातळीखाली तीन मीटर असली, तर प्रत्येक चौरस मीटरला तीन टनांचा रेटा वर लागतो. वीस बाय तीस मीटरच्या तळघराला एकूण १,८०० टन. ज्या भागावर दहा मजले उभे आहेत, तो भाग आपल्या वजनाने हा रेटा सहज दाबून धरतो. पण पार्किंगसाठी तळघर टॉवरच्या बाहेरही पसरवलेलं असतं, आणि त्या भागावर एका स्लॅबपलीकडे वजन नसतं. तो उचलला जाऊ शकतो, जोडावर तडा जाऊ शकतो. म्हणून तो भाग खालच्या खडकाला जखडून ठेवावा लागतो किंवा वर मातीचा जाड थर द्यावा लागतो.

खोदाईचा त्रास शेजाऱ्यांनाही होतो. वरची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. टॉवर पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, घालून खाली कठीण मुरुमावर किंवा काळ्या पाषाणावर टेकतो. शेजारचा वाडा मात्र उथळ दगडी पायावर असतो. खोदलेल्या खड्ड्यातलं पाणी पंपाने महिनोन्महिने उपसलं की आजूबाजूचं भूजल खाली जातं, मातीच्या कणांना मिळणारा पाण्याचा आधार सुटतो, माती दबते, आणि वाड्याची भिंत चिरते. नव्या इमारतीला तडा नसतो, त्यामुळे दोष कुणाचा यावर भांडण लांबतं. खोदाई सुरू होण्याआधी शेजारच्या भिंतींची तारखेसह छायाचित्रं काढून ठेवणं हा साधा पुरावा ठरतो.

मग तळघरच नको, इमारत खांबांवर उचलावी आणि खाली स्टिल्ट पार्किंग ठेवावं? पुरासाठी हे उत्तम, पाणी खांबांमधून वाहून जातं. भूकंपासाठी हाच भाग सगळ्यात नाजूक. वरच्या मजल्यांत विटांच्या भिंती असतात, त्यामुळे ते ताठ. खाली नुसते खांब, त्यामुळे जमीन हलली की सगळं वाकणं त्याच एका मजल्यात साठतं. २६ जानेवारी २००१च्या भूकंपाचं केंद्र अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरहून लांब होतं, तरी साबरमतीच्या गाळावर उभ्या असलेल्या तिथल्या कितीतरी स्टिल्टवरच्या इमारती कोसळल्या. गाळाची जमीन ठरावीक गतीची कंपनं वाढवते, आणि इमारतीच्या झोक्याचा काळ ढोबळ हिशेबाने मजल्यामागे सेकंदाचा दहावा हिस्सा असतो. दोन्ही जुळले की झोका वाढत जातो. कोयना सांगलीपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि ११ डिसेंबर १९६७चा भूकंप इथल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. म्हणून इथल्या स्टिल्टला दोन्ही परीक्षा द्यायच्या आहेत. जाड खांब, त्यांतल्या उभ्या सळ्यांना आवळणाऱ्या दाट रिंगा, आणि प्रवाहाच्या दिशेला समांतर असलेल्या काँक्रीटच्या काही सलग भिंती दिल्या की पाणीही वाहतं आणि मजलाही ताठ राहतो. दुसऱ्या दिशेचा ताठरपणा लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या भिंतींतून मिळवता येतो. खर्च वाढतो, पण एकूण इमारतीच्या मानाने तो थोडा आहे आणि तो टाळणं मला अक्षम्य वाटतं.

पुरात आठव्या मजल्यावरचं कुटुंब बुडत नाही, पण अडकतं. घरगुती वापराला माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. चाळीस फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं, म्हणजे २१,६०० लिटर. गच्चीवरची टाकी फार तर एक-दोन दिवस पुरते, कारण ती भरणारा पंप खाली पाण्यात असतो. तोच पंप, वीजपेटी आणि लिफ्टचं नियंत्रण पहिल्या मजल्यावर लाल रेषेच्या वर बसवलं, तर तीच इमारत शेजारच्या बैठ्या घरांतल्या लोकांनाही चार दिवस आसरा देऊ शकते.

कार्यालयांचं वेळापत्रक घरांच्या उलटं असतं. तिथे पाणी माणशी ४५ लिटरच धरतात, वीज दिवसा लागते, आणि सहानंतर मजले रिकामे होतात. नुसत्या कार्यालयांचा टॉवर संध्याकाळी आपल्यासमोरचा रस्ता ओस पाडतो. नुसत्या घरांचा टॉवर दुपारी तसंच करतो, आणि सकाळी सगळी वाहनं मिरज रस्त्यावर एकाच दिशेने सोडतो. दोन्ही एका इमारतीत असले तर एकच पार्किंग दोनदा वापरलं जातं. डॅनिश वास्तुविशारद यान गेल यांच्या निरीक्षणानुसार शंभर मीटरमध्ये पंधरा-वीस दुकानं असलेला रस्ता पायी चालणाऱ्याला जिवंत वाटतो. पेठेतले आपले अरुंद गाळे ही संख्या सहज गाठतात. तिथे कुंपणाची भिंत आणि दोन गेट आले की शंभर मीटरमध्ये थांबण्यासारखं काहीच उरत नाही.

एखाद्या प्रकल्पाचा नकाशा हाती आला तर आधी तळमजल्याचं पान उघडावं. पंप आणि मीटरची खोली कुठल्या पातळीला आहे, स्टिल्टमध्ये सलग भिंती आहेत का, तळघर टॉवरच्या बाहेर किती पसरलंय, आणि रस्त्याकडे किती दारं उघडतात, हे सगळं त्या एका पानावर दिसतं.