अपघातानंतर सायकल दुरुस्तीला टाकण्याआधी

विम्याचा दावा करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

अपघातातली सायकल आमच्याकडे येते ती बहुधा पुसून-धुऊनच येते. हँडल कुणीतरी चाक गुडघ्यांत धरून सरळ केलेलं असतं, फुटलेला दिवा कचऱ्यात गेलेला असतो, वाकडं चाक काढून जुनंच कुठलं तरी बसवलेलं असतं. आणि मग विचारणा होते, "विमा कंपनीला नुकसानीचा अंदाज लिहून द्याल ना?" लिहून द्यायला आमची ना नाही. पण जे दिसतच नाही ते लिहायचं कसं? म्हणून बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं लक्षात ठेवा: दाव्याचा निकाल लागेपर्यंत सायकल जशी पडली तशीच राहू द्या. चिखलसुद्धा पुसू नका. मोडका आरसा, तुटलेलं पायडल, फाटलेली सीट, सगळं एका पिशवीत घालून सायकलबरोबर ठेवा.

आम्ही वकील नाही आणि विमा एजंटही नाही. सायकल उघडून बघणं हे आमचं काम. कंपनीचे सर्व्हेअर येतात तेव्हा काय बघतात, कुठे अडतात, हे वर्षानुवर्षं पाहत आलो, त्यातून हे पत्रक झालं.

पहिला दिवस

आधी स्वतःला तपासून घ्या. पडल्यावर अंग गरम असतं, काही दुखत नाही, आणि माणूस चारचौघांत सांगून बसतो, "मला काही झालं नाही." हेच वाक्य पुढे त्याच्याविरुद्ध वापरलं जातं. डोक्याला मार लागल्याची लक्षणं, म्हणजे मळमळ, गरगरणं, वाढत जाणारी डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही दिसू शकतात. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तिथे केसपेपरवर काय लिहिलं जातंय ते वाचून घ्या. मागून गाडीने धडक दिलेली असते आणि कागदावर घाईत लिहिलं जातं, "सायकलवरून पडला." पुढे कितीही साक्षीदार उभे केले तरी समोरच्या विमा कंपनीच्या हातात हे दोन शब्द राहतात. चुकीचं लिहिलं असेल तर तिथल्या तिथे, नम्रपणे, दुरुस्त करून मागा.

रस्त्यावर असताना, धोका नसेल तर, सायकल हलवण्याआधी फोटो काढा. आधी लांबून, रस्ता, वळण, सिग्नल, थांबलेली गाडी सगळं एकत्र दिसेल असा. मग जवळून. गाडीची नंबर प्लेट, गाडीला लागलेला सायकलचा रंग आणि सायकलला लागलेला गाडीचा रंग. हा शेवटचा फोटो जवळजवळ कुणीच काढत नाही, आणि कुणी कुणाला कुठे धडकलं हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. चालकाचं नाव, त्याच्या विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक घ्या. बघ्यांपैकी एकाचा तरी फोन नंबर घ्या. जवळच्या इमारतीवर कॅमेरा असेल तर त्याच दिवशी जाऊन चित्रण जपून ठेवायला सांगा, कारण जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. गाडीचा संबंध असेल किंवा कुणी जखमी असेल तर पोलिसांत नोंद कराच.

"चूक माझीच" किंवा "चूक तुमचीच", दोन्ही बोलू नका. काय घडलं तेवढंच सांगा. आणि तिथेच रोख रक्कम घेऊन मिटवू नका. खिशात आलेले पैसे त्या क्षणी बरे वाटतात, पण चिमट्यातली, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमधली, चीर आमच्याकडे सायकल खोलल्यावर सापडते, आणि तोवर समोरचा माणूस "आपलं मिटलं होतं" म्हणून मोकळा झालेला असतो.

सायकल काय सांगते

कुठल्या बाजूने मार बसला हे सायकलवर लिहिलेलं असतं, वाचता यायला हवं. समोरून धडक बसली की आधी चिमटा मागे ढकलला जातो. मग हँडलचा दांडा ज्या नळीतून जातो तिच्या लगेच मागे, फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीच्या पोटाशी, बारीकशी घडी किंवा फुगवटा येतो. डोळ्यांना दिसला नाही तरी बोटाला लागतो. त्या जागी रंगाला केसाएवढ्या चिरा गेल्या असतील तर सायकल चालवू नका, घरापर्यंतसुद्धा नाही.

बाजूला पडलेल्या सायकलचं वेगळं असतं. ब्रेकच्या दांडीचं टोक, हँडलची मूठ, पायडलची कड आणि सीटची एक बाजू, एकाच बाजूचे ओरखडे. उजव्या बाजूला पडली असेल तर मागचा गिअर बदलणारा भाग ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो ती पट्टी वाकते. ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या फ्रेमवर ती मुद्दाम नरम केलेली असते, फ्रेमऐवजी तिने वाकावं म्हणून. ती वाकलेलीच राहिली तर सगळ्यात मोठ्या चक्रीवर गिअर टाकताना यंत्रणा स्पोकमध्ये जाऊन अडकते. म्हणजे दुसरा अपघात. मागून धडक बसली की मागचं चाक आऊट होतं, आणि चाकाला धरणाऱ्या दोन बारीक नळ्या बहुधा सारख्या वाकत नाहीत.

फ्रेम कशाची आहे त्यावर दावा दुरुस्तीचा की बदलाचा हे बरंचसं ठरतं. लोखंडी फ्रेम थोडी वाकली असेल तर सरळ करता येते. ॲल्युमिनियमची आम्ही सरळ करत नाही. वाकवून परत वाकवली की ती त्याच जागी पुढे कधीतरी तुटते, आणि सांगून तुटत नाही. कार्बनचं दुखणं आतलं असतं. वरून निखळ दिसते, आत थर सुटलेले असतात. नाण्याने टकटक केल्यावर आवाज बद्द आला तर संशय पक्का, पण आवाज स्वच्छ आला म्हणून फ्रेम चांगली असं आम्ही लिहून देत नाही. त्यासाठी अल्ट्रासाऊंड तपासणी लागते. सर्व्हेअरने नुसतं बघून "फ्रेम ठीक" असा शेरा मारला असेल तर ही तपासणी लेखी मागा.

हेल्मेट विसरू नका. आतला पांढरा फोम एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो; मार खाऊन दबला की त्याचं काम संपलं, मग वरून ओरखडाही नसेना का. ते दाव्यात घाला, आणि टाकून देऊ नका. हेल्मेटवरची खूण डोक्याच्या दुखापतीचा पुरावा असते.

विजेची सायकल असेल तर बॅटरी चार्जिंगला लावू नका. आपटलेल्या लिथियम बॅटरीला काही तासांनीसुद्धा आग लागू शकते. सुटी होत असेल तर काढा आणि घराबाहेर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा. आम्हालाही आणण्याआधी फोन करा. आणखी एक: पॉलिसी सायकलची आहे म्हणून विजेची प्रत्येक सायकल त्यात बसते असं नाही. भारतात आणि युरोपीय संघात मोटरची ताकद 250 वॅट आणि वेग ताशी 25 किलोमीटर हे आकडे सीमारेषेवर आहेत, व्याख्या थोड्या वेगळ्या आहेत. मोटर बदलून किंवा सॉफ्टवेअरची मर्यादा काढून वेग वाढवला असेल तर ती कायद्याने मोटार वाहन ठरू शकते, आणि मग दावा तिथेच संपतो.

दावा कुणाकडे करायचा

गाडीची धडक असेल तर पहिला दावा त्या गाडीच्या तृतीय पक्ष विम्यावर, म्हणजे गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देणाऱ्या विम्यावर. मोटारीला हा विमा बहुतेक देशांत सक्तीचा आहे, सायकलला सहसा नाही. (स्वित्झर्लंडमध्ये सायकललाही होता, दरवर्षी नवं स्टिकर चिकटवावं लागे. 2012 पासून ती सक्ती गेली.) चालक पळून गेला असेल तरी हातपाय गाळू नका, अनेक देशांत अशा वेळी भरपाईसाठी वेगळा निधी असतो, मात्र पोलिसांतली नोंद तिथे पहिल्यांदा मागतात.

कायदा सगळीकडे सारखा नाही. फ्रान्समध्ये 1985 च्या कायद्यानुसार गाडीने जखमी केलेल्या सायकलस्वाराची शारीरिक भरपाई त्याच्या साध्या चुकीमुळे कापता येत नाही. नेदरलँड्समध्ये 14 वर्षांखालच्या मुलाला जवळजवळ नेहमीच पूर्ण भरपाई मिळते, आणि मोठ्या सायकलस्वाराची थोडी चूक असली तरी सहसा निम्म्याच्या खाली जात नाही. भारतात मोटार वाहन कायदा, 1988 खाली दुखापतीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो, आणि दोघांचीही चूक निघाली तर तुमच्या वाट्याची टक्केवारी वजा होते. रात्री दिवा नसणं तिथे महागात पडतं. प्रत्येक ठिकाणी अर्जाला मुदत असते. ती आजच विचारून घ्या, बरं वाटल्यावर नाही.

गाडी नव्हती, खड्ड्यात पडलात किंवा दुसऱ्या सायकलला धडकलात, तर स्वतःचे कागद चाळा. सायकलची वेगळी पॉलिसी, घरातल्या सामानाचा विमा, आरोग्य विमा, वैयक्तिक अपघात विमा, प्रवासातला असेल तर प्रवास विमा. घरातल्या सामानाच्या विम्यात सायकल चोरीसाठी असते आणि अपघातासाठी नसते, असं पुष्कळदा निघतं. सायकलवरून डिलिव्हरी करत असाल तर हौशी वापराची पॉलिसी चालत नाही. कामावर असताना झालेली दुखापत म्हणून मालकाकडे विचारा. शर्यतीत पडलेल्यांनाही बहुतेक पॉलिसी बाहेर ठेवतात.

कंपनीला कळवायला उशीर करू नका. दुरुस्ती नंतर, कळवणं आधी.

आमचं अंदाजपत्रक

आम्ही नुकसान दोन भागांत लिहितो. अपघातात झालेलं एकीकडे, आधीची झीज दुसरीकडे. घासलेली चेन, गुळगुळीत टायर, गंजलेल्या केबल अपघातात बसवून द्या असं कृपया सांगू नका. कधी कधी ग्राहक रुसतात. पण सर्व्हेअरला ताणलेली चेन एका नजरेत कळते, आणि एक गोष्ट खोटी निघाली की खऱ्या दहा गोष्टींवरही तो प्रश्नचिन्ह काढतो. विमा हा दोन्ही बाजूंच्या पूर्ण सचोटीवर उभा करार मानला जातो. खोटं सापडलं तर कंपनी पूर्ण दावा नाकारू शकते.

प्रत्येक भागासमोर आम्ही कारणही लिहितो. "फोर्क बदलणे" एवढंच लिहिलं तर कापलं जातं. "समोरून बसलेल्या धडकेने फोर्क मागे वाकला आहे, ॲल्युमिनियमचा असल्याने सरळ करणे सुरक्षित नाही, फोटो क्र. 4" असं लिहिलं की वाद राहत नाही. तपासणीचं शुल्क पावतीवर वेगळं दाखवतो, काही पॉलिसींत तेही मागता येतं.

रक्कम कमी आली तर

आकडा बघून चिडण्याआधी तो कसा आला ते विचारा. बहुधा तीनपैकी एक कारण असतं. पहिलं घसारा: जुन्या भागाच्या जागी नवा बसला तर जुन्याच्या वयाएवढी कपात. नव्याला नवा अशी पॉलिसी असेल तर ही कपात व्हायला नको. दुसरं अनिवार्य वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात सुरुवातीची ठरावीक रक्कम तुमची. तिसरं लोकांना माहीतच नसतं. सायकलची किंमत 100 धरा आणि विमा 60 चाच उतरवलेला असेल, तर 50 च्या नुकसानीला 30 मिळतात. हप्ता वाचवायला किंमत कमी सांगितली की हे होतं. कारण पटलं नाही तर लेखी उत्तर मागा, दुसऱ्या दुकानातूनही अंदाज घ्या. आम्हाला वाईट वाटणार नाही.

"पूर्ण व अंतिम" लिहिलेल्या कागदावर सही करताना सावकाश. सही झाली की नंतर सापडलेली चीर तुमची. दुखापत असेल तर सायकलचा आणि शरीराचा हिशोब एकाच सहीत मिटवू नका; सायकलचं नुकसान आठवड्यात कळतं, मनगटाचं कळायला महिने जातात. आणि तुमच्या कंपनीने पैसे दिले की समोरच्याकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क तेवढ्यापुरता तिच्याकडे जातो. म्हणून तिला न विचारता समोरच्या चालकाला "माझं काही म्हणणं नाही" असं लिहून देऊ नका.

येताना काय आणाल

खरेदीची पावती असल्यास ती. नसेल तर सायकलचे जुने फोटो आणि बँकेची नोंद चालते. पॉलिसीची प्रत, दाव्याचा क्रमांक, पोलिसांतल्या नोंदीची प्रत. क्रँकखाली, म्हणजे पायडलच्या दांड्या जिथे बसतात त्याखाली, फ्रेमवर कोरलेला नंबर पावतीवरच्या नंबराशी जुळतो का ते घरीच बघा. सायकल संगणकात किंवा फोनमध्ये त्या दिवसाचा प्रवास नोंदला असेल तर मूळ फाइल जपा, पण त्यात तुमचा वेगही दिसतो हे ध्यानात घेऊनच द्या.

सायकल चालवत आणू नका. ढकलत किंवा गाडीत घालून आणा. काढलेला प्रत्येक भाग आम्ही तुमच्या नावाची चिठ्ठी लावून दाव्याचा निकाल लागेपर्यंत ठेवतो. पूर्ण भरपाई मिळाली तर मोडकी सायकल पुष्कळदा कंपनीच्या मालकीची होते, तेव्हा ती परत हवी असेल, भावनिक कारणाने का होईना, तर रक्कम ठरत असतानाच तसं सांगा. आणि निकाल लागला की आम्हालाही कळवा, म्हणजे फडताळ मोकळं करता येईल.